कॅथलिक संस्कार (वसई परिसर)

कॅथलिक धर्मपंथात सात संस्कार मानले जातात: स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), दृढीकरण (बाप्तिस्म्यातील श्रद्धा पक्की करणारा तैलाभ्यंग), ख्रिस्तशरीर (पवित्र भाकरीचा स्वीकार), प्रायश्चित्त (पापनिवेदन व क्षमा), रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावणे), गुरुदीक्षा (धर्मगुरुपदाची दीक्षा) व विवाह. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये ही संख्या निश्चित केली. उत्तर कोकणात ते पोर्तुगीज अमलापासून (वसई, १५३४–१७३९) रुजले. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत (बिशपच्या, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरूच्या, अखत्यारीतील प्रदेश) १९९८ चा, दक्षिणेकडील सिंधुदुर्गाचा २००५ चा.

बहुतेक संस्कार धर्मगुरू देतात, पण त्यांची तयारी धर्मग्राम (एका चर्चशी जोडलेला स्थानिक समुदाय) करतो, आणि या साऱ्याचा धागा म्हणजे चर्चच्या कचेरीतील बाप्तिस्म्याचे रजिस्टर. बाळ काही आठवड्यांचे असताना, आईवडील व धर्ममातापिता यांच्या साक्षीने त्याच्या कपाळावर पाणी ओतले जाते आणि रजिस्टरात त्याच्या नावाची नोंद होते. पुढे दृढीकरण, विवाह किंवा गुरुदीक्षा जगात कुठेही झाली, तरी ती कळवली जाते आणि मूळ गावच्या त्याच नोंदीशेजारी लिहिली जाते. म्हणून लग्न ठरले की नोकरीनिमित्त दूर गेलेल्यालाही जन्मगावच्या चर्चमधून ताजा दाखला आणावा लागतो. जुना चालत नाही, कारण मधल्या काळात विवाह झालेला नाही हे त्यावरूनच कळते. धर्ममाता किंवा धर्मपिता सर्वसाधारणपणे सोळा वर्षांवरचे व दृढीकरण झालेले असावे लागतात. हे नाते केवळ मानाचे नव्हे, मुलाच्या श्रद्धेची जबाबदारी त्यात येते.

प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी मुलाला कळते वय, म्हणजे साधारण सात वर्षे, असावे असे पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये ठरवले. प्रत्यक्षात तयारीला वेळ लागतो. घरी सामवेदी (कादोडी) किंवा वाडवळी या वसईकडच्या बोली बोलणारे मूल धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रमाण मराठीतून प्रार्थना पाठ करते, आणि बहुधा आजी त्या रोज संध्याकाळी म्हणवून घेते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी (१९६२–६५) मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना, जिच्यात ख्रिस्तशरीर दिले जाते) लॅटिनमध्ये होती; आज मुलाला तिचा प्रत्येक शब्द समजतो, हा बदल मोलाचा आहे. ख्रिस्तशरीरापूर्वी पहिले पापनिवेदन होते. तिथे ऐकलेले धर्मगुरू कोणालाही सांगू शकत नाहीत. ख्रिस्तशरीर घेण्याआधी एक तास उपवास असतो. पाणी व औषध चालते.

दृढीकरण सामान्यतः बिशप देतात. त्यासाठीचे पवित्र तेल त्यांनीच पवित्र सप्ताहातील खास मिस्सेत आशीर्वादित केलेले असते.

विवाहापूर्वी विवाहपूर्व मार्गदर्शनाचा वर्ग असतो आणि चर्चमध्ये वधूवरांच्या नावांची जाहीर घोषणा होते, म्हणजे कोणाला अडचण ठाऊक असल्यास ती सांगता येते. लॅटिन परंपरेत हा संस्कार वधूवर एकमेकांना देतात; धर्मगुरू चर्चच्या वतीने त्यांची संमती घेतात. मांडव, हळद, उंबराचे पाणी (विहिरीवरून वाजतगाजत आणलेले पाणी) या प्रथा घरच्या; त्या संस्काराचा भाग नाहीत, पण त्यांच्याविना इथले लग्न लग्न वाटत नाही.

रुग्णाभ्यंग केवळ मरणासन्नांसाठी असतो हा समज अजून घट्ट आहे. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी किंवा वार्धक्याच्या दुर्बलतेतही तो घेता येतो. म्हणून रुग्ण शुद्धीवर असतानाच फादरांना बोलवावे.