एक गोगलगाय टाकली की टाकी भरते?

फिशटँकमध्ये एक गोगलगाय टाकली की बघता बघता शेकडो होतात, कारण सगळ्याच गोगलगायी एकाच वेळी नर आणि मादी असतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. सरसकट हे खरं नाही.

ब्लॅडर स्नेल या जातीची गोगलगाय उभयलिंगी असते आणि जोडीदाराशिवायही अंडी फलित करू शकते. पानाखाली चिकटलेला पारदर्शक जेलीचा ठिपका जवळून पाहा, आत टिंबाएवढी पिल्लं हलताना दिसतील. मिस्टरी स्नेलमध्ये मात्र नर वेगळा, मादी वेगळी. मादी पाण्याबाहेर, काचेवर किंवा झाकणाला अंड्यांचा गुच्छ लावते. नको असेल तर सरळ खरवडून काढा. एकटी आणलेली मादीही अंडी घालते, कारण आधीच्या मीलनातले शुक्राणू ती कित्येक महिने साठवते. गैरसमजाला खतपाणी बहुधा इथूनच मिळालं. नेराइट जातीच्या गोगलगायीची तिळाएवढी पांढरी अंडी काचभर दिसतात, पण तिच्या अळ्या गोड्या पाण्यात जगत नाहीत.

बेसुमार वाढ होते ती उरलेल्या खाद्यावर. गोगलगायी मारायचं औषध ओतण्याआधी माशांचं खाणं कमी करा. तांबं असलेली औषधं टाकीतल्या कोळंब्यांचाही जीव घेतात.