मॉडर्निझम आणि आवाँ-गार्द: दिसायला सारखे, भांडण वेगळं

एमएची नाहीतर सेट-नेटची तयारी करणारी आपल्याकडची पोरं, संभाजीनगर असो, नांदेड असो की लातूर, मॉडर्निझम (आधुनिकतावाद) आणि आवाँ-गार्द (कलेच्या व्यवस्थेलाच हादरवणारे बंडखोर कलाप्रवाह) एकाच कप्प्यात टाकायलेत. नोट्समधलं वाक्य ठरलेलं असतं, "परंपरा मोडली, प्रयोग केले, दुर्बोध लिहिलं." हे दोघांनाही लागू पडतं, म्हणून तर परीक्षेत फरक विचारला की पेन थांबतो.

गोंधळ होतो कारण पानावर दोन्ही सारखंच दिसतं. इंग्रजी कवी टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' ही कविता घ्या, 1922 ची, 434 ओळी, मधेच जर्मन, मधेच फ्रेंच, शेवटी तर थेट बृहदारण्यक उपनिषदातलं दत्त, दयध्वम्, दम्यत आणि त्याच्यावर शांतिः शांतिः शांतिः, सगळे तुकडे तुकडे. आता त्याच काळातला डाडावाला (डाडा म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या वेळची कलेचीच थट्टा करणारी चळवळ) कवी त्रिस्तान झारा बघा, तो कविता करायची पद्धतच सांगतो, की पेपर घ्या, कात्री घ्या, एखादा लेख निवडून त्यातले शब्द कापा, पिशवीत घालून हलवा आणि जसे हाताला लागतील तसे उतरवून काढा, झाली कविता. इथंही तुकडेच! पण एलियटनं एकेक तुकडा निवडून बसवलाय, त्याचा कवीमित्र एझ्रा पाउंडनं त्या कवितेची केवढी काटछाट केली ते 1971 ला छापलेल्या मूळ हस्तलिखितात डोळ्यांनी दिसतं, म्हणजे सगळी धडपड कविता पक्की व्हावी म्हणून. झाराला कविता पक्की करायचीच नाही, त्याला कवी नावाच्या माणसाचा मोठेपणाच काढून घ्यायचाय, कारण पिशवीत हात कुणीही घालू शकतो.

माझ्या मते सगळा फरक इथंच आहे. मॉडर्निस्ट कलाकृती नव्यानं घडवतो, जुनी भाषा, जुना छंद, जुनं कथानक आजच्या जगण्याला पुरत नाही म्हणून. आवाँ-गार्दचं भांडण कलाकृतीशी नसतंच, ते असतं ज्या व्यवस्थेमुळं एखादी वस्तू 'कला' ठरते तिच्याशी, म्हणजे म्युझियम, प्रकाशक, समीक्षक, तिकीट काढून गप बसलेला प्रेक्षक, सगळ्यांशी. पीटर ब्युर्गर या जर्मन अभ्यासकानं 1974 च्या पुस्तकात हेच मांडलं, की युरोपात कला जगण्यापासून वेगळी काढून कोनाड्यात ठेवली होती आणि डाडा, सर्रिअलिझम (स्वप्न आणि अबोध मनावर भर देणारी चळवळ) यांना ती परत जगण्यात आणायची होती. (त्याच्या आधी आवाँ-गार्दवर लिहिणारा इटालियन समीक्षक पोज्जोली होता, पण तो दोन्ही बऱ्यापैकी एकत्रच धरतो, म्हणून ब्युर्गर आधी वाचा.)

उदाहरण द्यायचं तर फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँचं द्या, पण नीट द्या, नुसतं "त्यानं मुतारी ठेवली" असं लिहून पुढं पळू नका. 1917, न्यूयॉर्क. तिथल्या एका कलाकार संस्थेनं जाहीर केलं होतं की सहा डॉलर भरा आणि आपलं काम मांडा, निवड समिती नाही, बक्षीस नाही. द्युशाँ स्वतः त्या संस्थेच्या संचालक मंडळात होता. त्यानं दुकानातलं चिनी मातीचं मुतारीचं भांडं आणलं, आडवं केलं, त्याच्यावर 'आर. मट' अशी खोटी सही केली आणि 'फाउंटन' नावानं पाठवून दिलं. पैसे भरलेले, नियम पाळलेला, तरी मंडळानं ते मांडलं नाही आणि द्युशाँनं राजीनामा दिला. म्हणजे त्या भांड्यात बघण्यासारखं काही नव्हतंच, बघायचं होतं ते मंडळाकडं, की कुणालाही दार उघडं म्हणणारी माणसं कुठं अडतात. मूळ भांडं हरवलं, 1964 ला केलेल्या प्रती आज मोठमोठ्या म्युझियममधी काचेत आहेत, आणि ब्युर्गरची खंत हीच, की ज्याच्यावर हल्ला केला त्यानंच हल्ला विकत घेऊन मांडून ठेवला.

आता मराठीत या. मर्ढेकर मॉडर्निस्ट, यात मला तरी शंका नाही. 'काही कविता' 1947 ची, पिंपातले उंदीर, यंत्रयुग सगळं आलं, अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते निर्दोषही सुटले. पण हा माणूस ओवी-अभंगाच्या चालीतच ते भरतो, सौंदर्यशास्त्र लिहितो, चांगली कविता कशी ओळखायची याची काळजी करतो. साहित्याचं घर त्यांना पाडायचं नव्हतं. आवाँ-गार्दच्या जवळ जातात ते साठनंतरचे लघुअनियतकालिकवाले, 'असो', 'येरू', 'फक्त' असले अंक स्वतः काढणारे, हातोहात वाटणारे, आणि ज्या 'सत्यकथा' मासिकानं नवसाहित्य मोठं केलं त्याच्याच अंकाची होळी करणारे. आपल्याकडं औरंगाबादेतून 'वाचा' प्रकाशन चाललं, नेमाड्यांचा 'मेलडी' हा कवितासंग्रह तिथनंच आला, 1970 ला. म्हणून म्हणतो, नुसती कविता वाचून ठरवू नका, ती कुणी छापली, कुठं वाटली, कुणाला डिवचायला काढली, तेही बघा.

खरी अडचण 'गोलपिठा'पाशी येते. नामदेव ढसाळांचा 1972 चा कवितासंग्रह, त्याच वर्षी ढसाळ दलित पँथर उभी करण्यात, म्हणजे कविता आणि रस्ता वेगळे राहिलेच नाहीत, ब्युर्गरच्या मापानं हे पक्कं आवाँ-गार्द. पण ब्युर्गरचे कलाकार त्या घरातलेच होते, कंटाळून बाहेर पडलेले. ढसाळांना त्या घरात घेतलं कुणी होतं? आणि आपल्याच नागसेनवनाच्या (औरंगाबादेतला मिलिंद महाविद्यालयाचा परिसर) वातावरणातून गंगाधर पानतावणे सरांनी दलित साहित्याचं 'अस्मितादर्श' उभं केलं, ते तर उलटं काम, त्रैमासिक वर्षानुवर्षं चालवायचं, लेखक-वाचक मेळावे घ्यायचे, खेड्यातल्या पोराला लिहितं करायचं. ही मोडतोड नाही, ही नवी संस्था बांधणं आहे, आणि ज्यांना संस्थाच नाकारली होती त्यांच्यासाठी संस्था बांधणं हेच जास्त बंडखोर होतं असं माझं ठाम मत आहे. तेव्हा उत्तरात ब्युर्गर जरूर लिहा, पण 'अस्मितादर्श'वर त्याचं लेबल चिकटवू नका, त्याच्या पुस्तकात ह्या माणसांचा विचारच झालेला नाही.