सेफ्ट्रायॅक्सोन : सुरक्षित वापर

सेफ्ट्रायॅक्सोन हे शिरेतून किंवा स्नायूत टोचायचे, सेफॅलोस्पोरिन गटाच्या तिसऱ्या पिढीतील प्रतिजैविक आहे. जिवाणूंची पेशीभित्तिका बनू न देता ते त्यांना मारते. टायफॉइड, मेंदूज्वर, न्यूमोनिया, रक्तातील जंतुसंसर्ग, तीव्र लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या मूत्रातून पसरणारा जिवाणूजन्य ताप, म्हणजेच ‘लेप्टो’) अशा आजारांत ते वापरतात. या गटाचे मूळ १९४५ साली इटलीतील कॅग्लियारी येथे जुझेप्पे ब्रोत्सू यांना सांडपाण्यात सापडलेल्या बुरशीत आहे. सेफ्ट्रायॅक्सोन स्वतः १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वापरात आले.

कोल्हापूर जिल्ह्यात या औषधाची गरज पावसाळ्यात विशेष भासते. पंचगंगेचे पाणी चढले की पिण्याचे पाणी दूषित होऊन टायफॉइडची भीती वाढते, तर उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या उसाच्या रानात अनवाणी, पायाला जखमा असताना काम करणाऱ्यांना लेप्टो होऊ शकतो. २०१९ आणि २०२१च्या महापुरांनी करवीर, शिरोळची गावे दिवसेंदिवस पाण्यात ठेवली होती. अशा काळात ताप आला की ‘सलाईन लावा आणि एखादं भारीतलं इंजेक्शन मारा’ अशी मागणी दवाखान्यात होते. ताप डेंगीचा किंवा अन्य विषाणूचा असेल तर या इंजेक्शनाने काडीचाही फरक पडत नाही. म्हणून शक्य तेथे पहिल्या डोसाआधी रक्त कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठवावे. डोस गेल्यावर या तपासणीत जंतू सापडण्याची शक्यता घटते. मेंदूज्वरासारख्या आजारात मात्र तपासणीसाठी औषध अडवून ठेवू नये.

शरीरात ते बराच काळ टिकते, अर्धायुकाल (रक्तातील प्रमाण निम्मे होण्याचा काळ) सुमारे आठ तास. त्यामुळे प्रौढांना बहुधा दिवसातून एकदा १ ते २ ग्रॅम पुरते. मेंदूज्वरात दर बारा तासांनी २ ग्रॅम देतात. मूत्र आणि पित्त या दोन्ही वाटांनी ते बाहेर पडते. म्हणून केवळ मूत्रपिंड कमजोर असले तरी सहसा डोस बदलावा लागत नाही. यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडलेले असल्यास जपावे लागते. हीच सोय निष्काळजीपणाला वाव देते.

सर्वांत गंभीर धोका कॅल्शियमचा आहे. सेफ्ट्रायॅक्सोन आणि कॅल्शियम एकत्र आले की न विरघळणारा साका तयार होतो. दवाखान्यात सर्रास ‘आरएल’ म्हणतात त्या रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असते, त्यामुळे त्यात हे औषध कधीही मिसळू नये आणि एकाच नळीतून दोन्ही सोबत सोडू नयेत. प्रौढांना एकामागून एक द्यायचेच असेल तर मध्ये नळी नॉर्मल सलाईनने नीट धुवावी. नवजात बाळांच्या फुप्फुसांत व मूत्रपिंडांत असा साका साचून मृत्यू झाल्याची नोंद आहे. म्हणून २८ दिवसांपर्यंतच्या ज्या बाळाला शिरेतून कॅल्शियम द्यायचे आहे, त्याला हे औषध वर्ज्य आहे. कावीळ झालेल्या नवजातालाही ते देत नाहीत, कारण ते बिलिरुबिनला (कावीळ आणणारे पिवळे द्रव्य) अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनापासून सुटे करते आणि सुटे झालेले बिलिरुबिन मेंदूपर्यंत पोचू शकते.

स्नायूत टोचताना फार दुखते, म्हणून पूड एक टक्का लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात विरघळवतात. लिग्नोकेन मिसळलेले ते द्रावण शिरेत जाता कामा नये. व्हायलसोबत (औषधाच्या कुपीसोबत) मिळणारे निर्जंतुक पाणी शिरेतील डोससाठी आहे. तो डोस दोन ते चार मिनिटांत सावकाश द्यावा किंवा अर्ध्या तासाच्या सलाईनमधून सोडावा. अमिकासिन, व्हँकोमायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकांशी एकाच सिरिंजमध्ये ते मिसळत नाहीत.

टेस्ट डोस देऊन निर्धास्त होणे चूक आहे, कारण त्वचेवरील चाचणीने ॲलर्जीची खात्रीशीर पूर्वकल्पना येत नाही. पूर्वी पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिनने श्वास कोंडला होता का, अंगावर गांधी उठल्या होत्या का, हे विचारणे अधिक मोलाचे; आणि तीव्र ॲलर्जीत जीव वाचवणारे ॲड्रेनॅलिन हाताशी हवेच. जुलाब सामान्य आहेत, पण त्यांतून रक्त पडू लागल्यास किंवा जुलाब वाढतच गेल्यास क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्यातील जिवाणूच्या संसर्गाची शंका घ्यावी. पित्ताशयात तात्पुरता गाळ साचून सोनोग्राफीत खड्यांसारखा दिसतो. औषध थांबल्यावर तो बहुधा विरघळतो, म्हणून घाईने शस्त्रक्रियेचा निर्णय नको. क्वचित रक्तपेशी फुटून अचानक फिकेपणा, गडद लघवी दिसते. हा प्राणघातक प्रसंग असू शकतो आणि तेव्हा औषध ताबडतोब थांबवतात. वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांचे रक्त अधिक पातळ होऊ शकते.

टायफॉइडचा ताप योग्य औषध चालू असतानाही चार-सहा दिवस उतरत नाही. नातेवाइकांचा धीर इथेच सुटतो आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टर बदलतात किंवा ‘लागू पडलं नाही’ म्हणून आणखी भारी औषध सुरू होते. उपचार साधारण १० ते १४ दिवसांचा असतो. ताप उतरला म्हणून मध्येच सोडल्यास आजार उलटू शकतो. पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६पासून सेफ्ट्रायॅक्सोनला न जुमानणारा टायफॉइड पसरला, हे ध्यानात ठेवावे.

जागतिक आरोग्य संघटनेने ते जपून वापरायच्या ‘वॉच’ गटात ठेवले आहे. भारतात १ मार्च २०१४पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या औषध-यादीत ते येते. औषध विक्रेत्याला चिठ्ठीविना ते देता येत नाही आणि विक्रीची नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. दुभत्या जनावरांच्या कासदाहासाठीही सेफ्ट्रायॅक्सोनयुक्त इंजेक्शने मिळतात. दुधावर संसार चालणाऱ्या या जिल्ह्यात हे महत्त्वाचे आहे : उपचार चालू असलेल्या म्हशीचे दूध पशुवैद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत डेअरीला घालू नये, आणि गोठ्यातली व्हायल माणसाला टोचू नये.