गिऱ्हाईक कार्ट भरून निघून गेलं, आता काय? (आपल्या दुकानदार मंडळींसाठी)

तुमच्या साइटवर कुणीतरी येतं, दोन जोड चपला कार्टात टाकतं, पत्ता पण भरतं आणि पैसे भरायच्या पानावरून गायब. मग तुमची साइट सांभाळणाऱ्या आम्हाला फोन येतो, साइट बंद पडलीय का हो? साइट चालूच असते. हे सगळ्यांकडे होतं, बेमार्ड इन्स्टिट्यूट नावाची संस्था यावरचे वेगवेगळे अभ्यास गोळा करते, त्यांच्या हिशोबाने १०० कार्टांमागे ७० च्या आसपास अर्धवट सुटतात. त्यातले बरेच नुसते बघे असतात, कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर संध्याकाळी चक्कर मारणाऱ्यांसारखे, त्यांना सोडून द्या. आपल्याला हवेत ते, ज्यांना घ्यायचं होतं पण कुठेतरी अडलं.

अशांना जो ईमेल जातो त्याला अबँडन्ड कार्ट ईमेल म्हणतात. पण तो जायला त्यांचा ईमेल पत्ता आपल्याकडे पाहिजे ना. नुसतं कार्टात टाकून गेलेल्या अनोळखी माणसाला काहीच पाठवता येत नाही, म्हणून चेकआउटवर, म्हणजे पत्ता आणि पैसे भरायच्या पानांवर, ईमेलचा रकाना आम्ही सगळ्यात वर घेतो, पत्ता-पिनकोड नंतर. शॉपिफायवर (ऑनलाइन दुकान चालवायची तयार सेवा) ईमेल किंवा फोन भरून १० मिनिटांत खरेदी पुरी झाली नाही की ते चेकआउट अर्धवट म्हणून नोंदलं जातं आणि ईमेल पाठवायची सोय आतच आहे. वूकॉमर्स (वर्डप्रेस साइटवर दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर बहुतेक वेळा वेगळं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, टाकावं लागतं, ते आम्ही टाकून देतो.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक दुकानदार आम्हाला पहिलंच सांगतात, "१०% कूपन टाका त्यात." आमचं स्पष्ट मत, पहिल्या ईमेलमध्ये कूपन नको. एकदा का लोकांना कळलं की कार्ट सोडलं की दुसऱ्या दिवशी सूट मिळते, की तेच लोक पुढच्या वेळी मुद्दाम सोडतात, आणि पूर्ण पैसे भरणारं सरळ गिऱ्हाईक बिचारं तोट्यात. शिवाय अडचण बऱ्याचदा किमतीची नसतेच. कोल्हापुरी चपलेचंच घ्या, लोकांना कळत नाही ६ नंबर घ्यावा की ७, कातडं नवीन असताना घट्ट लागतं आणि वापरून सैल होतं हे ज्यानं कधी कोल्हापुरी घातली नाही त्याला कोण सांगणार? तिथे १०% सूट देऊन काय होणार, माप कळलं तर माणूस घेईल. फराळाचं वेगळंच, अमेरिकेतला माणूस चकली-अनारसे निवडतो आणि कुरिअरचा आकडा बघून पळतो. तो आकडा शेवटच्या पानावर आदळण्याआधीच मालाच्या पानावर दाखवा, ईमेलने ते दुखणं बरं होत नाही.

म्हणून ईमेल असा लिहायचा जसं दुकानातून परत फिरणाऱ्या माणसाला तुम्ही पायरीवर विचारता, "काही अडलं का?" नमुना देतो:

"नमस्कार, तुम्ही निवडलेली कापशी चप्पल (नंबर ७) अजून बाजूला ठेवलीय. मापाची शंका असेल तर पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलने आखा आणि फोटो याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवा, आम्ही नंबर सांगतो. घ्यायची असेल तर खालच्या लिंकवर तुमचं कार्ट तसंच उघडेल."

बास, एवढंच. पण बाजूला ठेवलीय असं लिहिलं तर खरंच ठेवा. मालाचा एक फोटो, एक बटण. लिंक दाबल्यावर होमपेज उघडलं तर सगळं मुसळ केरात, भरलेलं कार्टच उघडलं पाहिजे. आणि नोरिप्लाय (ज्यावर उत्तर देता येत नाही अशा) पत्त्यावरून अजिबात पाठवू नका, उत्तर आलं तर ते वाचायला माणूस हवा.

"फक्त १ तास उरला!" असलं खोटं घड्याळ आम्ही लावत नाही, कितीही आग्रह केलात तरी. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे साइटवर गिऱ्हाइकाला फसवायच्या युक्त्यांबद्दल, नियम काढलेत, त्यातल्या १३ प्रकारांत खोटी घाई दाखवणं पण येतं आणि न विचारता कार्टात काहीतरी घुसडणं पण.

वेळ म्हणाल तर पहिला साधारण तासाभराने, दुसरा दुसऱ्या दिवशी, लागलाच तर तिसरा तीन-चार दिवसांनी, त्यापुढे नाही. रात्री साडेअकराचं कार्ट असेल तर सकाळीच पाठवतो.

एक गोची नेहमी होते ती नीट वाचा. गिऱ्हाईक साइटवर अडतं आणि व्हॉट्सअॅपवर ऑर्डर देऊन जीपे करून मोकळं होतं, सिस्टीमला ते कळतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याला "तुम्ही विसरलात" असा ईमेल. त्याहून वाईट म्हणजे यूपीआयचे पैसे खात्यातून गेलेत पण ऑर्डर लागली नाही, अशा माणसाला आठवण पाठवली तर तो शिव्याच घालणार. त्यामुळे फोनवरच्या ऑर्डरी रोज साइटवर चढवा आणि अडकलेली पेमेंटं आम्ही पहिल्या ईमेलच्या आधी गेटवेवर (साइटवरचे पैसे घेणाऱ्या सेवेवर) तपासतो.

ईमेल स्पॅममध्ये जातात ही तक्रार असेल तर आधी बघा पाठवणारा पत्ता जीमेलचा आहे का. दुकानाच्या सॉफ्टवेअरमधून जीमेलच्या पत्त्याने पाठवलेलं बहुतेक स्पॅममध्येच पडतं. स्वतःच्या डोमेनचा (साइटच्या नावाचा) पत्ता घ्या, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कच्या नोंदी, म्हणजे ईमेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या नोंदी, आम्ही लावतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केलेत, स्पॅमच्या तक्रारी ०.३% च्या खाली ठेवाव्या लागतात, म्हणून "नको" म्हणायचं बटण ठळक ठेवायचं, लपवायचं नाही.

किती जणांनी उघडला या आकड्यावर खूश होऊ नका, २०२१ पासून अॅपलचं मेल अॅप माणसाने न उघडता पण उघडल्यासारखं दाखवू शकतं. आम्ही महिन्याला लिंकवरून पुऱ्या झालेल्या ऑर्डरी तेवढ्या मोजून कळवतो, आणि त्यातले काही तसेही परत आलेच असते हे धरूनच तो आकडा वाचा.

सुरू करायचं असेल तर डोमेनचं लॉगिन, सगळ्यात जास्त सुटणाऱ्या पाच वस्तूंची नावं आणि गिऱ्हाईकं फोनवर तुम्हाला जे प्रश्न परत परत विचारतात त्यांची यादी पाठवा, ही यादी मात्र विसरू नका, पहिला ईमेल त्यातूनच लिहितो.