वाचाघात आणि न सांगता येणारे दुःख

पक्षाघातानंतर एखाद्याची वाचा गेली की घरच्यांचा पहिला संशय जिभेवर येतो. सोलापुरातही मग जिभेला वेखंड उगाळून लावणारे, दंडाला दोरा बांधणारे भेटतात आणि उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात. जीभ बहुतेकदा निर्दोष असते; मेंदूला झालेल्या इजेने भाषाच हरवलेली असते, आणि यालाच वाचाघात म्हणतात.

बहुतेक माणसांत भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या अर्धगोलात असतात. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी केवळ ‘टॅन’ एवढेच उच्चारू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला, तेव्हा त्यांना डाव्या कपाळामागच्या भागात इजा आढळली. हा भाग, ऐकलेल्याचा अर्थ लावणारे मागचे वेर्निक क्षेत्र आणि उजवा हात हलवणारा पट्टा, या तिन्हींना रक्त पुरवणारी मुख्य वाहिनी एकच असते: डावी मध्य प्रमस्तिष्क धमनी. ती मुळाशी तुंबली की शब्द आणि उजवा हात एकदमच जातात. फक्त पुढची शाखा तुंबली, तर समज बरीचशी शाबूत राहते आणि बोलणे तुटते. अशा रुग्णाला पाटी-पेन्सिल देऊनही फारसे साधत नाही, कारण तोंडाला न सापडलेला शब्द बहुधा डाव्या हातालाही सापडत नाही. मात्र पाठ झालेले बोल मेंदू वेगळ्या वाटेने काढू शकतो. नातवाचे नाव न सुचणारे आजोबा सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत ‘हर्र बोला हर्र’ हा जयघोष स्पष्ट म्हणतात, आणि ‘हे सोंग तर नाही ना’ अशी कुजबुज त्यांच्यादेखत होते. ती त्यांना कळते.

पक्षाघातानंतर साधारण तीनपैकी एका रुग्णाला नैराश्य येते आणि वाचाघात असल्यास हा धोका वाढतो. परंतु नैराश्य ओळखण्याच्या नेहमीच्या प्रश्नावल्यांना उत्तर शब्दांतच द्यावे लागते. म्हणून अशा रुग्णांसाठी सोबतच्या माणसाने निरीक्षणावरून भरायच्या प्रश्नावल्या तयार झाल्या आहेत. त्यांत रात्रीची अस्वस्थ झोप, वारंवार रडू येणे, नजर टाळणे, माणसांत बसायला नकार देणे अशा गोष्टी नोंदवतात. हे नैराश्य औषधांनी आणि समुपदेशनाने कमी होऊ शकते.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराच्या घरात तेलुगू, कारखान्यात मराठी आणि शेजारी कन्नड असते. वाचाघातातून सगळ्या भाषा सारख्याच परततात असे नाही. त्यामुळे मराठीत उत्तर आले नाही म्हणून ‘यांना काही कळत नाही’ असे ठरवण्याआधी त्याच्या घरच्या भाषेत विचारून पाहिलेच पाहिजे. एका वेळी एकच प्रश्न विचारावा, उत्तराला वेळ द्यावा आणि ‘हो’ म्हणायचे असताना तोंडून ‘नाही’ निघू शकते, म्हणून तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारावा.