मार्लबरोची ड्यूकपदवी

इंग्लंडच्या सरदारवर्गातील एक वंशपरंपरागत पदवी. राणी ॲन हिने १४ डिसेंबर १७०२ रोजी ती जॉन चर्चिल (१६५०–१७२२) या सेनापतीला दिली. चर्चिल १६८९ पासून मार्लबरोचा अर्ल होता. ड्यूक झाल्यावर तो सरदारांच्या सर्वांत वरच्या पायरीवर पोहोचला. आज ही पदवी बाराव्या ड्यूककडे असली, तरी पहिल्या ड्यूकच्या मुलाचा वंश तिच्यात नाही. ती टिकली ती मुलींमुळे, आणि त्यासाठी पार्लमेंटला खास कायदा करावा लागला.

पदवी मिळून जेमतेम दोन महिने झाले होते. ड्यूकचा एकुलता एक हयात मुलगा केंब्रिजला शिकत असताना देवीच्या साथीत दगावला. अशा पदव्या सर्वसाधारणपणे औरस पुत्राकडून औरस पुत्राकडे जातात. दत्तकाने त्या चालवण्याची सोय इंग्लंडमध्ये नाही, त्यामुळे पदवी पहिल्याच पिढीत बुडणार हे उघड होते. पण १३ ऑगस्ट १७०४ रोजी चर्चिलने सव्हॉयच्या राजपुत्र यूजीनच्या साथीने डॅन्यूबकाठी ब्लेनहाइम येथे फ्रेंच-बव्हेरियन फौजेचा पुरा मोड केला. एवढ्या मोठ्या विजेत्याचे नाव पुसले जावे, हे पार्लमेंटला मान्य नव्हते. १७०६ च्या कायद्याने पदवी, वुडस्टॉकची जहागीर आणि वर्षाला ५,००० पौंडांचा तनखा मुलींना व त्यांच्या पुरुष वारसांना लागू झाली.

या जहागिरीचा सारा पैशात घेतला जात नाही. फ्रान्सच्या जुन्या राजनिशाणाची प्रतिकृती, म्हणजे पांढऱ्या कापडावर लिलीची तीन सोनेरी फुले असलेला लहानसा झेंडा, दरवर्षी लढाईच्या दिवशी विंडसरच्या किल्ल्यात राजाकडे पोहोचता करायचा. जॉन व्हॅनब्रूने बांधलेला ब्लेनहाइम राजवाडा याच जमिनीवर उभा आहे.

१७२२ मध्ये ड्यूक वारला आणि थोरली मुलगी हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली. तिचा मुलगा तिच्याआधीच गेला होता. म्हणून १७३३ मध्ये पदवी धाकट्या बहिणीचा, ॲनचा, मुलगा चार्ल्स स्पेन्सर याच्याकडे आली. ऑल्थॉर्पची वडिलोपार्जित मालमत्ता त्याच्या धाकट्या भावाकडे गेली. राजकुमारी डायनाचे माहेर ते हेच. इकडे ड्यूकच्या घराण्याचे आडनाव स्पेन्सरच राहिले. १८१७ मध्ये पाचव्या ड्यूकने परवानगी काढून त्याला चर्चिल जोडले.

एवढा मोठा वाडा पोसणे पुढच्या पिढ्यांना झेपेना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घराण्यातले कोरीव रत्नांचे संग्रह आणि प्रसिद्ध संडरलंड ग्रंथसंग्रह विकावा लागला. १८८५ मध्ये राफाएलचे एक मॅडोना-चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीने ७०,००० पौंडांना घेतले. नवव्या ड्यूकने १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉन्सुएलो व्हँडरबिल्टशी लग्न केले, तेव्हा रेल्वेच्या पैशाने वाड्याची डागडुजी झाली. संसार मात्र सुखाचा झाला नाही. १९२१ मध्ये त्यांनी घटस्फोट घेतला.

त्यांना मूल होईपर्यंत पदवीचा पुढचा वारस होता ड्यूकचा चुलतभाऊ विन्स्टन चर्चिल. तो १८७४ मध्ये ब्लेनहाइमलाच जन्मला होता. वारस असतानाच, १८९६ च्या ऑक्टोबरात, तो चौथ्या हुसार्स या घोडदळाच्या पलटणीबरोबर मुंबईला आला. ससून डॉकवर उतरताना त्याने धक्क्याच्या भिंतीतली कडी धरली, लाटेने बोट खाली खचली आणि त्याचा खांदा दुखावला. ते दुखणे जन्मभर सोबत राहिले. सप्टेंबर १८९७ मध्ये ड्यूकला मुलगा झाला आणि विन्स्टनचा वारसा संपला. वारसा टिकून तो ड्यूक झाला असता, तर त्याला सरदारांच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसावे लागले असते आणि हाउस ऑफ कॉमन्समधून पंतप्रधानपदापर्यंतची त्याची वाट बंदच झाली असती.

ब्लेनहाइम १९५० पासून लोकांना पाहण्यासाठी खुले आहे. १९८७ मध्ये ते जागतिक वारसास्थळ ठरले.