अल्पज्वलनशील इलेक्ट्रोलाइट

अल्पज्वलनशील इलेक्ट्रोलाइट म्हणजे लिथियम-आयन बॅटरीत नेहमीच्या ज्वालाग्राही द्रवाच्या जागी वापरायचा, सहजी न पेटणारा किंवा पेटला तरी आपोआप विझणारा विद्युत विच्छेद्य पदार्थ. बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन (विद्युतभारित अणू) कॅथोडकडून म्हणजे धन टोकाकडून अ‍ॅनोडकडे म्हणजे ऋण टोकाकडे जातात आणि वापरताना परत येतात. ही ये-जा इलेक्ट्रोलाइटमधून होते. सोनीने १९९१ मध्ये ही बॅटरी बाजारात आणली, तेव्हापासून या द्रवाची घडण मूलतः तीच आहे: कार्बोनेट वर्गातील सेंद्रिय विद्रावके आणि त्यांत विरघळवलेला लिथियमचा क्षार, बहुधा लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट.

यातले इथिलीन कार्बोनेट क्षार चांगला विरघळवते आणि ग्रॅफाइटच्या अ‍ॅनोडवर संरक्षक थर तयार करते. मात्र ते सुमारे ३६° से.पर्यंत घनच असते. ते पातळ व्हावे म्हणून त्यात डायमिथिल कार्बोनेटसारखे विद्रावक मिसळतात, आणि त्याचा प्रज्वलनांक सुमारे १७° से. आहे. म्हणजे खोलीतल्या साध्या तापमानालाच त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. ज्या पातळपणामुळे बॅटरी झपाट्याने चार्ज होते, तोच आगीलाही सोयीचा ठरतो. या क्षेत्रातली खरी अडचण हीच आहे.

आग लागण्याचा क्रम समजून घ्यायला हवा. अंतर्गत शॉर्टसर्किट, जादा चार्जिंग किंवा मार लागल्याने सेल तापतो. साधारण ८०° ते १२०° से. दरम्यान अ‍ॅनोडवरचा थर फुटतो आणि लिथियमने भरलेले उघडे ग्रॅफाइट इलेक्ट्रोलाइटशी अभिक्रिया करू लागते. १३०° से.च्या आसपास पॉलिइथिलीनचा विभाजक पडदा वितळतो आणि दोन्ही इलेक्ट्रोड एकमेकांना भिडतात. सुमारे २००° से.च्या पुढे निकेलयुक्त कॅथोड ऑक्सिजन सोडू लागतो. तोवर विद्रावकाच्या वाफेने फुगलेला सेल फुटतो आणि ती वाफ पेटते. आतूनही ऑक्सिजन मिळत असल्यामुळे अशी आग नुसती झाकून विझत नाही. भरीला, क्षाराचा ओलाव्याशी संबंध आला की विषारी हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो.

सर्वांत जुना उपाय ट्रायमिथिल फॉस्फेटसारखी फॉस्फरसयुक्त संयुगे मिसळण्याचा. ज्योतीत हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल मूलकांची (अतिशय क्रियाशील, अल्पायुषी कणांची) साखळी चालू असते, ती या संयुगांतून निघणारी फॉस्फरसयुक्त मूलके तोडतात. पण ही संयुगे ग्रॅफाइटवर टिकाऊ थर बनवत नाहीत. उलट ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत शिरून ते सोलून काढतात. थोडी घातली तर आग थांबत नाही, भरपूर घातली तर बॅटरी लवकर मरते. टोकियो विद्यापीठात अत्सुओ यामादा यांच्या गटाने २०१७-१८ मध्ये यातून देखणी वाट काढली. त्यांनी फॉस्फेट हेच विद्रावक घेतले, मात्र त्यात फ्लुओरोसल्फोनिल इमाइड वर्गातील क्षार नेहमीच्या कितीतरी पट विरघळवला. मोकळे विद्रावक रेणू फारसे उरत नाहीत, थर क्षारातूनच घडतो, आणि हजाराहून अधिक चार्ज-डिस्चार्ज फेऱ्या पार पडल्या. किंमत मात्र मोजावी लागते: क्षार महाग आणि द्रावण दाट. ते पातळ करायला घातले जाणारे फ्लोरिनयुक्त ईथर पर्यावरणात दीर्घकाळ टिकणाऱ्या संयुगांच्या वादात सापडतात.

स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये ट्रायफिनाइल फॉस्फेट हे आगरोधक संयुग बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) सूक्ष्म तंतूंत कोंडून विभाजक पडद्यात ठेवले गेले. उष्णतेने तंतूचे आवरण वितळले तरच ते बाहेर पडते, एरवी बॅटरीच्या कामात आड येत नाही.

आयनी द्रवांची, म्हणजे साध्या तापमानालाही द्रव राहणाऱ्या क्षारांची, वाफ जवळजवळ होत नाही, पण ते दाट असतात. पाण्यात अतिशय जास्त क्षार विरघळवलेली इलेक्ट्रोलाइट २०१५ पासून चर्चेत आहेत. ती जळत नाहीत, मात्र सुमारे ३ व्होल्टच्या कक्षेतच टिकतात. घन इलेक्ट्रोलाइट हा सर्वांत गाजणारा पर्याय. त्यातल्या सल्फाइड प्रकारात आयन द्रवाइतक्याच वेगाने धावतात, पण ओलावा लागला की हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो.

प्रयोगशाळेत ज्वलनशीलता पाहण्याची रीत साधी आहे. काचतंतूची पट्टी द्रवात भिजवतात, ज्योत दाखवतात, ज्योत बाजूला नेतात आणि घड्याळ लावतात. दर ग्रॅममागे ज्वाला ६ सेकंदांच्या आत विझली तर द्रव अज्वलनशील, २० सेकंदांहून अधिक टिकली तर ज्वलनशील मानतात. या चाचणीवर फार विसंबणे धोक्याचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. पट्टीवर द्रव एकटा असतो. सेलमध्ये त्याच्या शेजारी लिथियमने भरलेले ग्रॅफाइट असते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वर सांगितलेल्याच फ्लुओरोसल्फोनिल इमाइड वर्गातील क्षाराची संहत (भरपूर क्षार विरघळवलेली) इलेक्ट्रोलाइट भरलेले सेलही बेलगाम तापले, कारण तो क्षार स्वतःच त्या ग्रॅफाइटशी अभिक्रिया करून उष्णता सोडत होता. म्हणून नव्या द्रवाची पारख पूर्ण चार्ज केलेल्या, पूर्ण आकाराच्या सेलवर खिळा ठोकून आणि उष्मामापकात हळूहळू तापवूनही करावी लागते.